होडी बघून इंजिन

माझ्या पहिल्या कॉम्प्युटरच्या भागांची यादी मी एकूण अकरा वेळा लिहिली आणि त्यातल्या निदान आठ याद्या बाबांमुळे फाडल्या. बाबांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते होड्यांच्या इंजिनांचे मेकॅनिक. मालवणजवळच्या आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त होड्यांची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली. इंजिन चालू करून ते नुसते शेजारी उभे राहायचे, मान जराशी कलती करायचे आणि सांगायचे, दुसऱ्या सिलिंडरचा नोझल गेलाय. उघडून बघावं तर तो गेलेलाच असायचा.

पण ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, दोन हजार सहा, त्या वर्षी बाबांची हत्यारांची पिशवी खाटेखाली ढकललेली होती आणि बाबा ओसरीवर बसून होते. आदल्या दिवाळीच्या सुमाराला त्यांनी त्यांच्या जुन्या दोस्ताच्या होडीचं इंजिन उतरवून पुरतं दुरुस्त करून दिलं होतं. आठवड्याच्या आत ते कुणकेश्वरासमोर भर समुद्रात जाम झालं. होडीवरची माणसं दिवसभर लाटांवर हेलकावे खात राहिली आणि संध्याकाळी दुसऱ्या होडीने दोर टाकून त्यांना ओढत आणलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. होडीचे मालक, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणत आले, ते घरी येऊन बाबांच्या पाठीवर हात ठेवून गेले. ‘जांव दे रे. मशीन तां. होता तसां कदी कदी.’ मग त्यांनी इंजिन गुपचूप दुसऱ्या मेकॅनिककडे पाठवलं. त्याने उघडल्यावर आत काय निघालं, हे बाबांना कोणी सांगितलं नाही. बाबांनीही विचारलं नाही. घरी फक्त एकदाच म्हणाले, ‘माझो कान गेलो.’

कान कसला जातोय! आई स्वयंपाकघरात तोंडातल्या तोंडात पुटपुटली तरी ओसरीवर त्यांना ऐकू जायचं आणि त्यावरून दिवसभर धुसफूस चालायची. पण त्यांच्या मनाने घेतलं होतं. एकदोन जण इंजिनं घेऊन आले तर बाबांनी परत पाठवले. मग यायचे बंदच झाले. आम्ही दोघी त्यांना इतकं जपायला लागलो की घरात इंजिन हा शब्दच कोणी काढेना. मिक्सर बिघडला तर आईने तो पदराखाली लपवून बाजारात नेला आणि दुरुस्त करून आणला.

मी मालवणच्या बाजारात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. माऊस कसा धरायचा, लिहिलेलं पत्र कुठे गेलं, इथपासून शिकवणं होतं. क्लास सुटल्यावर तिथल्या एका मशीनवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता, तो खेळायचे. ते मशीन इतकं दमेकरी की गाडी वळणावर आली की चित्र जागच्या जागी अडकायचं. ते हलेपर्यंत माझी गाडी दरीत गेलेली असायची. आमच्या वाडीत शंभर पावलं सरळ जाणारा रस्ता नाही. कोणाच्या माडाला वळसा, कोणाच्या कुंपणाला वळसा, कोणाच्या न्हाणीमागून चोरटी वाट. मला एकदा तरी सुसाट आणि न अडकता जायचं होतं. एवढंच कारण. तेवीस वर्षांच्या मुलीला गेमचा कॉम्प्युटर कशाला, असं ज्यांनी विचारलं त्यांना मी ‘अभ्यासाला’ म्हणून सांगितलं. बाबांना मात्र खरं सांगितलं, कारण त्यांनी काही विचारलंच नव्हतं.

तयार कॉम्प्युटर घेतला तर तेवढ्याच पैशात गेमच्या कामाचं काही येत नाही, भाग निवडून स्वतः जोडला तर येतं, हे मी एका मासिकात वाचलं होतं. दोन वर्षांच्या पगारातले पैसे बाजूला होते. मग मी वही घेतली आणि पहिली यादी केली. सगळ्यात वर ग्राफिक्स कार्ड लिहिलं, कारण गेमचं चित्र तेच काढतं. त्याच्यावर निम्मे पैसे उधळले आणि बाकीच्या भागांत जे स्वस्तात स्वस्त ते भरलं. वही ओसरीवर राहिली. मी चहा घेऊन आले तर बाबा चष्मा लावून ती वाचत होते.

‘ह्यां पयलां कित्याक लिवलंस?’

‘तां महत्त्वाचां आसा म्हणून. इंजिनासारख्यां समजा.’ शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. आतून आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

बाबा वहीकडे बघतच होते. ‘आणि होडी खंयची?’

‘होडी?’

‘ह्यां ज्येच्यार बसतलां तां. होडी बगून इंजिन घेतत गो. इंजिन बगून कोण होडी बांधता?’

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. मासिक मी वाचत होते, क्लासमध्ये मी शिकवत होते आणि हे मला सांगतायत. तरी दुसऱ्या दिवशी क्लासमधून कुडाळच्या दुकानदाराला फोन लावला. यादीतला मदरबोर्ड आणि ते कार्ड एकमेकांत बसतं का, असं विचारलं. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळे भाग येऊन बसतात ती पाटी. दुकानदार म्हणाला, ‘छे हो मॅडम, कार्ड नव्या खाचेचं आहे, बोर्ड जुना. ते आत शिरणारच नाही.’ मी पहिली यादी फाडली. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर त्यांनी फक्त ‘मगे?’ एवढंच म्हटलं आणि विडी पेटवली.

तेव्हापासून यादी रोज त्यांच्यासमोर जायला लागली. मी मुद्दाम न्यायचे असं नाही. मला भांडायला माणूस हवं होतं आणि क्लासमधल्या मुलांना यातलं काही कळायचं नाही. बाबांनाही कळत नव्हतं, पण ते प्रश्न विचारायचे. आपल्याला कळत नाही याची त्यांना जराही लाज नव्हती. रॅम म्हणजे काय, तर कामाला लागलेलं सामान हाताशी ठेवायची जागा, असं मी सांगितलं. लगेच प्रश्न आला, मग एकच मोठी का, दोन लहान का नाहीत, एक गेली तर दुसरीवर घर गाठता येईल. मी मासिक उघडलं. दोन सारख्या पट्ट्या घातल्या तर वेगही जास्त मिळतो, असं त्यात लिहिलं होतं. तिसरी का चौथी यादी त्यात गेली. हार्ड डिस्क, मॉनिटर, भारनियमनात मशीन झटक्याने बंद पडू नये म्हणून बॅटरीचा डबा, प्रत्येकाची अशी उलटतपासणी झाली. एका रविवारी आई पेजेची ताटली घेऊन दारात उभी राहिली आणि आम्हा दोघांकडे बघत राहिली. मग मला आत बोलावून हळूच म्हणाली, ‘बोलत रव गो तेंच्याशी. काय तां कळूंदे नाय कळूंदे, बोलत रव.’

मग मी सहाव्या यादीत मुद्दाम एक चूक ठेवली, बाबांना सापडावी म्हणून. ती त्यांना सापडली नाही आणि दुसरीच खरी चूक सापडली.

ती चूक पॉवर सप्लायची. हा कॅबिनेटच्या आतला लोखंडी डबा. भिंतीतली वीज घेऊन सगळ्या भागांना वाटून देतो. माझ्या यादीत त्याची वेगळी ओळच नव्हती, कारण दुकानात कॅबिनेट घेतलं की तो आत फुकट येतो. बाबा म्हणाले, ‘ह्येका डिझेल किती लागता?’ मी प्रत्येक भागाचे वॅट लिहिले. ‘आणि सगळी एकाच टायमाक ओढूक लागली तर?’ मी बेरीज केली. ‘आणि आपली लाईट कशी येता तां तुका ठावक आसा मां?’ ठाऊक होतं. संध्याकाळी आमच्या घरातला बल्ब पिकल्या आंब्याच्या रंगाचा व्हायचा.

‘दुकानात मी येतंय,’ बाबा म्हणाले.

सहा महिन्यांत ते वाडी सोडून कुठे गेले नव्हते. आठवडा बाजाराच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याबरोबर एसटीत बसले आणि आम्ही कुडाळला गेलो. दुकानदार घाटावरून येऊन कुडाळात स्थिरावलेला होता, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, बोलका. त्याने दोन पॉवर सप्लाय समोर ठेवले. दोन्हींवर सारखेच आकडे छापलेले, एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट. मी महागाचा कागद वाचायला घेतला. बाबांनी कागदाकडे बघितलंही नाही. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा घेतला आणि बांगडे विकत घेताना करतात तसं वरखाली केलं.

‘ह्यो हलको आसा. आत तांबां नाय ह्येच्यात.’

दुकानदार हसला. मग हसायचा थांबला आणि मला म्हणाला, ‘मॅडम, हे मला कळायला तीन वर्षं आणि चार जळालेली मशिनं लागली.’ परतीच्या गाडीत बाबा खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांच्या पायाचा ठेका चालू होता. मला वाटलं, आता दोनचार दिवसांत पिशवी खाटेखालून बाहेर येणार. मी मनातल्या मनात हात जोडून देवाला म्हटलंसुद्धा, होऊ दे रे एवढं.

सगळ्यात मोठं भांडण कॅबिनेटवरून झालं. मला पुढे मोठी जाळी आणि दोन पंखे असलेलं हवं होतं. गेम खेळताना भाग तापतात, वारा खेळता पाहिजे. बाबा ऐकेनात. आमच्याकडे वारा म्हणजे मीठ. खिडकीचे गज, सायकलची साखळी, शिवणाचं मशीन, सगळं वर्षाच्या आत तांबडं पडतं. बाबा महिन्यातून एकदा घरभर फिरून प्रत्येक बिजागरीला, कडीला, अगदी आईच्या अडकित्त्यालाही ग्रीसचं बोट लावायचे. हत्यारं बंद केली तरी हे बंद केलं नव्हतं. ‘जाळयेतसून सगळो समुद्र आत येतलो,’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘तुमच्या इंजिनाक पाणी लागता, तसो ह्येका वारो लागता. नायतर जाम होतलां.’

जाम हा शब्द निघाला मात्र. मला तिथल्या तिथे मेल्यासारखं झालं. पण बाबाच म्हणाले, ‘मगे वारो गाळून घे.’ आणि त्यांनी मच्छरदाणीचं कापड आणि पातळ स्पंज यांची एक चौकट बनवली. जाळीच्या मागे घट्ट बसणारी, काढून धुता येणारी. ती मी पुढे सात वर्षं वापरली. अकरावी यादी तिथे संपली.

सामान कोल्हापूरहून यायचं होतं, ते जुलैत आलं. होड्या तेव्हा किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली शाकारलेल्या असतात, समुद्र बंद, आणि वाडीत इंजिनांची ठोकाठोक चाललेली असते. दरवर्षी या दिवसांत आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. त्या वर्षी अंगणात नुसतं शेवाळ होतं. मी माजघरात चादर अंथरली आणि खोकी उघडली. बाबा भिंतीला टेकून बसले.

आधी बोर्डवर प्रोसेसर बसवला. त्याच्यावर छोट्या सिरिंजमधून पांढरी पेस्ट घातली आणि वर पंखा दाबला. बाबा पुढे सरकले. ‘ग्रीस?’

‘तसलांच काय तां. ह्यां नाय लायलां तर जळान जाता.’

पेस्ट उष्णता वाहून नेते म्हणून फक्त तिथेच लावायची, एवढं पुढचं वाक्य मी बोलले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण क्लासची वेळ झाली होती. बाकीचे भाग चादरीवर तसेच ठेवून मी छत्री घेऊन पळाले.

दुसऱ्या दिवशी रॅम, कार्ड आणि वायरी बसवल्या. सगळं कसं अलगद आत गेलं! माझ्या हाताला गुण आहे, असं मला वाटलं. संध्याकाळी सहाला लाईट आली. आईने हळदकुंकू आणलं, बाबांनी चष्मा पुसला. मी बटण दाबलं. पंखे फिरले, निळा दिवा लागला आणि मशीन ओरडायला लागलं. एक लांब किंकाळी, थांबणं, परत लांब किंकाळी. पडदा काळाच.

मी बंद केलं, चालू केलं. दहा वेळा तेच. बाबांनी मान कलती करून तो आवाज ऐकला आणि मग मान सरळ केली. उठून ओसरीवर गेले. मी शेजारच्या घरून दुकानदाराला फोन लावला आणि त्याला जे काही बोलले ते आठवून आजही कान गरम होतात. चोर म्हटलं, घाटावरचा कचरा कोकणात खपवता म्हटलं. तो बिचारा म्हणाला, ‘मशीन घेऊन या. तोपर्यंत शिव्या शिल्लक ठेवा.’

सकाळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कॅबिनेट मांडीवर घेऊन मी कुडाळला गेले. बाबा आले नाहीत. दुकानदाराने झाकण उघडलं, रॅमची पट्टी काढली, तिच्या खालच्या सोनेरी दातांवरून बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. त्यावर पिवळट, चिकट थर होता. मग ग्राफिक्स कार्ड काढलं, तिथेही तेच. विजेच्या जोडांच्या पिनांवरही. फार नेटकं काम होतं. एकही दात सुटला नव्हता आणि जास्तीचं सगळं फडक्याने पुसून घेतलेलं होतं. म्हणून तर मला दिसलं नव्हतं.

‘मॅडम, हे ग्रीस आहे. वीज कशी जाणार यातून? कोणी लावलं?’

उत्तराची गरजच नव्हती, तो बाबांना भेटला होता. मला आधी संताप आला. इतका, की घरी जाऊन त्यांची हत्यारांची पिशवीच विहिरीत टाकावी असं वाटलं. मग एकदम डोळ्यांसमोर आलं, मी क्लासला गेलेले, बाहेर पाऊस, आणि बाबा चादरीशी मांडी घालून एकेक पट्टी प्रकाशात धरून, माझ्या कॉम्प्युटरला गंज चढू नये म्हणून बोटाने ग्रीस लावतायत. सहाआठ महिन्यांनी त्यांनी एखाद्या मशीनला हात लावला होता, आणि नेमकं तेच बंद पडलं होतं. मी त्या दुकानातल्या स्टुलावर बसून रडले.

दुकानदाराने चहा मागवला. म्हणाला, ‘साफ होईल हे. मी करून देतो. आणि काकांना सांगा रॅम खराब निघाली, दुकानदाराने बदलून दिली. माझं काय जातंय?’ चांगला माणूस होता. पण मशीन मी त्याच्याकडे ठेवलं नाही, का ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. साफ कसं करायचं ते विचारून घेतलं, माफी मागितली आणि दुपारच्या गाडीने परत निघाले.

आईला मी मागच्या दाराने जाऊन सांगितलं. तिने माझा हात घट्ट धरला. ‘तेंका सांगू नको. माझी शपथ आसा तुका. आत्ता खंय माणूस बोलाक लागलो हा.’ मी मान हलवली. गाडीत मीही तेच ठरवलं होतं.

बाबा ओसरीवर होते. ‘काय गावलां?’

‘काय नाय. दुकानदाराची रॅम खराब होती. होता तसां कदी कदी.’

बाबांनी मान डोलावली. हळू, दोनदा, माझ्याकडे न बघता. ती मान मी पाहिलेली होती. काका पाठीवर हात ठेवून बोलत होते तेव्हा बाबांनी अशीच डोलावली होती. तेव्हा मला ती समजुतीची वाटली होती. आता जवळून बघितली आणि कळलं. आपल्याशी खोटं बोलतायत हे त्यांना कळलेलं होतं, आणि आपली चूक इतकी मोठी असणार की लोकांना ती तोंडावर सांगवतही नाही, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता. सहा महिने, आठ महिने, ते त्या न सांगितलेल्या चुकीसोबत बसले होते. आणि आम्ही सगळी प्रेमाची माणसं त्यांना तिच्यासोबत बसवून ठेवत होतो.

आईची शपथ आठवली, तरी मी बोलले.

‘बाबा, मी खोटां बोललंय. रॅम बरी आसा. तुमी दातांक ग्रीस लायलात, त्यातसून वीज जाणा नाय. म्हणान तां चालू होणा नाय.’

आतून आईचा ‘गो’ असा आवाज आला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस उठून आत जाईल आणि परत बाहेर येणार नाही.

‘खंय लायलंय? दाखय.’

मी पट्टी काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, चष्मा नाकावर चढवला आणि दातांकडे बघितलं. ‘आणि त्या पांढऱ्याक कसां चालता?’ मी पेस्टचं सांगितलं, दोन दिवसांपूर्वी जे वाक्य बोलायचं राहिलं होतं ते. ‘तां माजां चुकलां. मी अर्ध्यांच सांगान गेलंय.’

‘म्हणजे उष्णता नेता तां येगळां, आणि वीज जाता थंय सुक्यां व्हयां.’

‘होय.’

‘एवडांच?’

‘एवडांच.’

ते उठले. खाटेखालून पिशवी ओढून काढली. तिच्यातून जुना ब्रश काढला, मला औषधाच्या दुकानात स्पिरिट आणायला पिटाळलं आणि आईकडून धुतलेलं मलमल मागून घेतलं. पट्ट्यांचे दात मी खोडरबराने घासले, खाचा बाबांनी साफ केल्या. एकेक खाच, ब्रशचे मधले केस कापून बारीक करून, मान वाकवून, घाई न करता. मध्येच म्हणाले, ‘ग्रीस बरां लायलंलंय पण, काय?’ मी म्हटलं, ‘एक दात सोडूक नाय तुमी.’ ते हसले. मी कित्येक महिन्यांत ते हसणं ऐकलं नव्हतं.

सहाला लाईट आली. किंकाळी आली नाही, एकच लहानसा टिक आवाज आला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. रॅमची एक खाच कायमची मेली, दोनातली एकच पट्टी चालू राहिली. पण एकीवर घर गाठता आलं. आईने डोळ्यांना पदर लावून हळदकुंकू वाहिलं. गेम टाकायला मला पुढचे दोन दिवस लागले, आणि गाडी पहिल्या वळणावरून न अडकता गेली तेव्हा मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारची बाई धावत आली. पण त्या संध्याकाळी मला गेमचं काही नव्हतं. बाबा मशीनच्या शेजारी उभे होते, मान कलती करून, पंख्यांचा आवाज ऐकत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा न घेता बाहेर पडले. आम्हाला वाटलं, विडी आणायला गेले. दोन तासांनी परत आले ते पाणंदीतूनच मोठ्याने बोलत. आम्ही दोघी दारात धावलो.

‘क्लिप!’ बाबा म्हणाले. ‘पाण्याच्या पायपाची क्लिप. ढिली रवली माझ्या हातसून. पायप सुटलो, पाणी गेलां, गरम झालां, जाम झालां. इतक्यांच. तुझो काका सांगी नाय होतो. मी म्हटलंय, सांग, नायतर हंय बसान रवतंय तुझ्या दारात. तेवा सांगल्यान. क्लिप! कान बरो आसा माझो.’

आपली चूक सापडली म्हणून इतका आनंदलेला माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. हत्यारांची पिशवी उचलून ते तसेच परत निघाले. नारळी पुनव जवळ आली होती, होड्या पाण्यात जायच्या आधी काकांच्या इंजिनाच्या सगळ्या क्लिपा त्यांना स्वतः आवळून बघायच्या होत्या. काका नको म्हणाले नव्हते.

आम्ही दोघी दारातच उभ्या राहिलो.

‘माका वाटलां होतां,’ आई म्हणाली, ‘सांगलंस तर ते मरतले.’

‘माका पण,’ मी म्हटलं.